बेंजोच्या पत्र्याखाली

गाणगापूर क्षेत्री जाऊन आलेल्या आमच्या वाचकांस तेथील दिनक्रम नव्याने सांगण्याचे प्रयोजन नाही. पहाटेची काकडआरती, भीमा-अमरजेच्या संगमावरील स्नान, औदुंबराखालील पारायणे, माध्यान्हीची माधुकरी आणि सायंकाळची पालखी हा क्रम ज्याने एकवार अनुभवला तो सहसा विसरत नाही. हे क्षेत्र आज कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात, अफझलपूर तालुक्यात मोडते. पूर्वी हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यास जोडला गेला. परंतु श्रीनृसिंहसरस्वतींच्या या गावाने राज्यांच्या सीमा फारशा मनावर घेतलेल्या दिसत नाहीत. एका ओसरीवर मराठी अभंग रंगलेला असतो, पलीकडच्या ओसरीवर एकतारीच्या साथीने कन्नड पद चाललेले असते, आणि मध्ये बसलेला यात्रेकरू दोहोंवर सारखाच डोलत असतो. ज्या गुरुचरित्राने या क्षेत्राचे माहात्म्य घरोघरी पोहोचविले, त्याचे कर्ते सरस्वती गंगाधर यांची मातृभाषाही मराठी नव्हती, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

याच गावी काही वर्षांपूर्वी, दत्तजयंतीच्या सुमारास, आम्ही एका धर्मशाळेत उतरलो असताना जो प्रसंग पाहिला त्यावरून प्रस्तुत लेख सुचला. सोलापूरकडील एक भजनी मंडळ आमच्या शेजारच्या खोलीत उतरले होते. पखवाज, टाळ, पेटी ही नेहमीची सामग्री त्यांच्यापाशी होतीच. परंतु तिच्याबरोबर एका जुन्या शालीत गुंडाळलेला, विजेवर वाजणारा एक बेंजोही होता. दुपारी अंगणात सतरंजी टाकून मंडळातील एक तरुण तो बेंजो पुढ्यात घेऊन बसला होता. बटणे बसविलेली पत्र्याची पट्टी त्याने स्क्रू काढून उचलली होती आणि तिच्याखालून तांबड्या-काळ्या वायरींचा पुंजका बाहेर आला होता. मंडळातील एक वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांस सारे आण्णा म्हणत, ते काठी टेकीत तेथे येऊन उभे राहिले.

"काय करायलास रे? वाजतंय ते वाद्य कशाला उसकटायलास?"

"आण्णा, तारेला हात लावला की झिणझिण्या येतात. ही अर्थाची वायर तोडून टाकतो, म्हणजे काम झालं."

"तोडू नको. सोलापुरात गेल्यावर दुकानदाराला दाखवू."

"सोलापूर लांब हाय, आण्णा. भजन आज हाय."

वायर तोडावी की ठेवावी, एवढाच तो वाद. बोटभर लांबीच्या त्या वायरीसाठी तो तासभर चालला. आम्ही तो प्रथम करमणूक म्हणून ऐकू लागलो आणि पुढे आमच्या मनात येऊ लागले की, हे वाद्य, हा पत्रा आणि ही वायर भजनाच्या सतरंजीपर्यंत आली तरी कोठून? त्या वादाचा निकाल काय लागला ते आम्ही शेवटी सांगू. तत्पूर्वी या वाद्याचा थोडा पूर्वेतिहास पाहणे अवश्य आहे.

प्रथम नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. अमेरिकेत ज्यास बँजो म्हणतात ते कातड्याने मढविलेल्या गोल तोंडाचे, उभ्या मानेचे वाद्य आहे. आमच्याकडील बेंजोचा त्याच्याशी नावापलीकडे संबंध नाही. आमचा बेंजो म्हणजे लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या पोलादी तारा आणि तारांवर टंकलेखनयंत्रासारख्या छोट्या गोल पट्ट्यांची रांग. यासच हिंदुस्थानात बुलबुल तरंग असे गोड नाव मिळाले. डाव्या हाताने पट्टी दाबली की तिच्याखालचे पाते तारेवर टेकते आणि तार तेवढ्या लांबीची होते. उजव्या हातातील नखीने ती छेडावयाची. सतारीचे पडदे दांडीवर स्थिर असतात आणि बोट त्यांच्याकडे जाते. येथे पडदाच वरून खाली तारेकडे येतो. कल्पना साधी आहे, पण ती कोणास तरी सुचावी लागली.

ती सुचली जपानातील नागोया शहरातील मोरिता गोरो या गृहस्थास. त्यांनी १९१२ साली हे वाद्य सिद्ध केले. पाश्चात्य देशांचा प्रवास करून आलेल्या मोरितांच्या मनात टंकलेखनयंत्र भरले होते असे म्हणतात, आणि वाद्याच्या पट्ट्या पाहिल्या असता ते पटते. मायदेशी दोन तारांचे एक जुने कोतो पूर्वापार होते. त्यावर त्यांनी या पट्ट्या चढविल्या. त्याच वर्षी जपानात सम्राट मेइजी निवर्तले आणि ताइशो शकास आरंभ झाला, म्हणून वाद्याचे नाव ताइशोगोतो असे पडले. म्हणजे ज्या वाद्यात गाणगापूरचा तो तरुण फेरफार करीत होता, ते मुळातच एका जुन्या वाद्यात केलेला फेरफार होते. 'वाजतंय ते वाद्य कशाला उसकटायलास' हा प्रश्न नागोयात कोणी मोरितांस विचारला असता, तर बुलबुल तरंग जन्मासच आले नसते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे वाद्य समुद्रमार्गे हिंदुस्थानात आले आणि येथे रुळले. ते रुळण्याची कारणे उघड आहेत. ते स्वस्त, हलके, कोठेही मांडीपुढे ठेवून वाजविता येण्याजोगे. त्याच्या पट्ट्यांची मांडणी पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांप्रमाणेच असल्यामुळे ज्यास पेटी येते त्यास हे आठवडाभरात वश होते. बलुचिस्तानात ते गेले तेव्हा तेथील कारागिरांनी त्याची लांबी वाढविली, सुराच्या तारांखेरीज आधारस्वराच्या तारा जोडल्या, आणि त्यास बेंजू म्हणून आपलेसे केले. तेथील पसनी गावाकडचे वयोवृद्ध वादक उस्ताद नूर बख्श यांच्या विजेवरच्या बेंजूची ध्वनिमुद्रिका २०२२ साली प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या रसिकांनी ती वाखाणली. जेथे विजेच्या तारा पोहोचत नाहीत तेथे ते सूर्यप्रकाशावर भारलेल्या बॅटरीवर वाजवितात. जपानचे वाद्य, बलुची धून आणि सूर्यनारायणाची वीज असा हा योग आहे.

आमच्या मराठी मुलखात बेंजोने दोन संसार थाटले. एक भजनाचा आणि दुसरा मिरवणुकीचा. लग्नातील हळद, वरात, गणपतीचे आगमन व विसर्जन यांत मुंबईच्या गल्ल्यांतून आणि कोकणच्या गावांतून बेंजो पार्टी वाजू लागली. ढोल, ताशा आणि त्यांच्या डोक्यावरून धावणारा बेंजोचा सूर हा आवाज मुंबईकरास कोठेही ओळखू येईल. या वादकांच्या जीवनावर रवी जाधव यांनी २०१६ साली 'बँजो' नावाचा हिंदी बोलपटही काढला. परंतु ढोल-ताशांच्या कल्लोळात हे वाद्य ऐकू जावे कसे? त्याचे पोट लहान, तारा बारीक. चार टाळकरी बसले तरी ते दबून जाते. मग मिरवणुकीची गोष्ट कशाला? त्यास विजेचा आश्रय घ्यावा लागला तो या अडचणीपायी. त्यात हौसेचा भाग थोडा.

हा आश्रय ज्यांनी प्रथम शोधला त्यांची अडचणही तीच होती. अमेरिकेत १९३१-३२ साली जॉर्ज बोशाँ आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी लोहचुंबक व तांब्याच्या तारेचे वेटोळे यांच्या योगाने वाजणारी गिटार तयार केली. वाद्यवृंदातील पितळी वाद्यांपुढे गिटार ऐकू येत नसे, हे तिचे कारण. वाचकांस कौतुक वाटेल की ती पहिली गिटार हवाई बेटांच्या पद्धतीची, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची होती; अगदी आमच्या बेंजोसारखी. पुढे १९५१ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावच्या लिओ फेंडर यांनी खर्जाची विद्युत्-गिटार बाजारात आणली. तोवर खर्जाचे काम माणसाच्या उंचीचा, पडदे नसलेला, उभा डबल बेस करीत असे. फेंडर यांनी तो खर्ज चार तारांच्या, पडदे असलेल्या, खांद्यावर अडकविता येणाऱ्या फळीत आणला आणि पडद्यांमुळे सूर नेमका लागतो म्हणून तिला अचूकपणाचे नाव दिले. मुंबईच्या चित्रपटसंगीतातही, जेथे गोमंतकीय वादकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद्यवृंद सांभाळले, डबल बेसची जागा हळूहळू याच गिटारीने घेतली.

या गिटारीचा एक अवयव आमच्या कथेशी निगडित आहे. तिच्या दर्शनी भागावर स्क्रूंनी बसविलेली एक चकचकीत धातूची पट्टी असे. तिच्यावर आवाजाचे एक आणि स्वरपोताचे एक अशी दोन बटणे, आणि पट्टीखाली सारी वायरिंग. १९५७ साली फेंडर यांनी ही पट्टी काढून बटणे निराळ्या प्रकारे बसविली. १९६० साली दुसरी खर्जाची गिटार काढली तेव्हा पट्टी परत आली. प्रथम एकावर एक चढविलेली जोडबटणे ठेवली, आणि दोनएक वर्षांत ती मोडून तीन साधी बटणे केली. स्वतः कर्त्याचेच एका दशकात इतके विचार पालटले. मग वाजविणारांनी पेचकस हाती घेतला तर नवल ते काय? जगभर असे हजारो वादक आहेत, जे ही पट्टी उचलून आपल्या कानास रुचेल तशी वायरिंग बदलून घेतात. गाणगापूरचा तरुण आपल्या नकळत त्याच पंक्तीस बसला होता.

आता या पत्र्याखाली असते तरी काय, ते सांगतो. ज्यांस यंत्रविद्येचा कंटाळा आहे त्यांनी एवढा परिच्छेद ओलांडून जावे. परंतु तो वाचल्यावाचून पुढील वाद नीट उमगणार नाही. तारांच्या खाली लोहचुंबक असतो आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. यास पिकअप म्हणतात. पोलादी तार वर कंप पावू लागली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत अतिसूक्ष्म वीज उत्पन्न होते. ती वायरीने आवाजाच्या बटणाकडे जाते. बटण म्हणजे तीन पायांचा एक रोधक. फिरवावा तसा तो विजेचा कमी-अधिक भाग पुढे सोडतो आणि उरलेला अर्थाकडे वळवितो. दुसऱ्या बटणास एक चिमुकला कंडेन्सर जोडलेला असतो. तो वरच्या पट्टीतील तीक्ष्ण स्वरांश तेवढे अर्थाकडे सोडून देतो, म्हणून बटण उतरविले की आवाज मऊ होतो. मोठा कंडेन्सर घातला तर अधिक मऊ, लहान घातला तर कमी. तेथून पुढे जॅक, जॅकातून शिल्डची वायर आणि वायरीच्या टोकाशी अँप्लिफायर. आणखी एक वायर असते, जी संगीताचे कोणतेच काम करीत नाही. ती तारांच्या घोडीस टेकलेली असून सर्व तारांस अर्थाशी जोडते. वादाचा विषय झालेली वायर ती हीच.

तिचे काम असे. आपल्याकडील घरगुती वीज सेकंदास ५० आवर्तने करते आणि तिचे स्पंदन आसपासच्या हवेत भरून राहिलेले असते. पिकअपचे वेढे ते टिपतात आणि कर्ण्यातून घूंऽ असा नाद अखंड येत राहतो. पेटीवर पाहू गेल्यास हा नाद खर्जाच्या पांढरी पाचच्या किंचित वर लागतो. म्हणजे काळी चारात गाणारे बुवा असोत की पांढरी दोनमध्ये गाणारे, वीज आपला षड्ज सोडीत नाही. तारा अर्थाशी जोडलेल्या असल्या आणि वादकाचा हात तारेवर असला की वादकाचे शरीरच त्या नादास आडोसा करते आणि घूं बराचसा मावळतो. फेंडर यांनी १९५७ साली पिकअपचे दोन तुकडे करून ते परस्परांविरुद्ध गुंडाळले, जेणेकरून एकातील घूं दुसऱ्यातील घूंस खोडून काढील. ही हुशारी बेंजोच्या साध्या एकेरी पिकअपमध्ये नसते. तेथे सारा भरवसा त्या बोटभर वायरीवरच.

आता आण्णांच्या मनातील मूळ शंकेकडे वळू. त्यांच्या शब्दांत ती वायरीपुरती होती. वस्तुतः ती फार जुनी आहे. बाहेरून आलेल्या वाद्यास देवापुढे कितपत थारा द्यावा, आणि द्यावयाचा तर त्यात हात घालून ते बदलावे काय? पेटीच्या बाबतीत हा वाद अवघ्या देशाने पाहिला. पेटी ही मूळची फ्रान्समधील. अलेक्झांद्र दबाँ यांनी १८४० च्या दशकात ती पॅरिसमध्ये केली. पाय हलवून भाता मारण्याचे ते उंच वाद्य होते. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी त्याचे पाय छाटले, भाता मागे घेतला आणि एका हाताने भाता, एका हाताने पट्ट्या अशी बैठकीची पेटी केली. खुर्चीवरचे वाद्य सतरंजीवर उतरले ते या फेरफारामुळे. तथापि तिच्या स्वरांत श्रुतींचे सूक्ष्म भेद नाहीत, मींड नाही, असा आक्षेप घेऊन आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून तिला आपल्या केंद्रांवर बंदी केली. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणीमंत्री असलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आमचेच मराठी गृहस्थ. त्यांच्या कारकीर्दीतही ती उठली नाही. १९७१ च्या सुमारास ती सैल झाली. ही तीस वर्षे महाराष्ट्रातील एकाही देवळात पेटी बंद पडल्याचे आम्ही ऐकले नाही. आक्षेप मात्र खोटा नव्हता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचा शोध घेत न्यायाधीश क्लेमंट्स यांच्या साहाय्याने श्रुतींची पेटी इंग्लंडातून घडवून आणली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीतपरिषदेत ती मांडली गेली, परंतु गवयांच्या गळी उतरली नाही. अलीकडे ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी एकाच पट्टीतून खुंटी ओढून दोन श्रुती काढण्याची सोय असलेली पेटी सिद्ध केली आहे. वाद्य उघडून त्यात सूर शोधणाऱ्यांची परंपरा आमच्याकडे शतकाहून जुनी आहे, ती अशी.

गोमंतकीय वाचकांस याहून जवळचे उदाहरण देतो. घुमट हे गोव्याच्या देवळांतील सुवारीचे प्राणभूत वाद्य. मातीच्या घटाच्या तोंडास पूर्वी घोरपडीचे कातडे ताणून बसवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते निषिद्ध झाले. तेव्हा घुमट मुका होणार अशी भीती अनेकांस वाटली. कारागिरांनी बकऱ्याचे कातडे वापरून पाहिले. जुने वादक म्हणतात नाद तोच नाही, आणि ते खरेच म्हणत असतील, कारण त्यांच्या कानांत पूर्वीचा नाद आहे. परंतु घुमट वाजत राहिला, आणि २०१९ साली गोवा शासनाने त्यास राज्याच्या वारसा-वाद्याचा मान दिला. एक अवयव पालटला म्हणून वाद्य परके झाले नाही. उलट तो पालटला नसता तर आज ते संग्रहालयात असते.

मग विजेच्या बाबतीतही असेच म्हणावे काय? येथे मात्र आम्ही थोडे थबकतो. कातडे पालटले तर नाद पालटतो. वीज जोडली तर वाद्य कोणासाठी वाजते तेच पालटण्याचा संभव असतो. अँप्लिफायरचे बटण पुढे सरकविण्यास सीमा नाही, आणि मिरवणुकीतील बेंजो पार्ट्यांनी ती सीमा पुष्कळ वेळा ओलांडली, हे त्यांच्या हितचिंतकांनीही कबूल केले पाहिजे. केंद्र शासनाने २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम केले आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकास सामान्यतः मनाई केली. गंमत अशी की, या कोलाहलात बेंजोवाल्यांचीच गळचेपी झाली. भिंतीएवढे कर्णे आणि आयते ध्वनिमुद्रित संगीत आले, तेथे बोटांनी वाजविणाऱ्यास कोण विचारतो? ज्या आवाजासाठी त्यांनी वीज घेतली त्याच आवाजाने त्यांस मागे सारले. भजनातील बेंजो यातून वाचला, कारण तेथे त्यास ढोलाशी झुंजावयाचे नव्हते. पखवाज आणि गळा यांच्या मधल्या जागेत बसावयाचे होते.

आणि विजेचा दुसरा प्रश्न तर थेट प्राणाचा आहे. वेल्समधील स्वान्सी शहरी ३ मे १९७२ रोजी लेस्ली हार्वे या गिटारवादकाचा भर रंगमंचावर, मायक्रोफोनास हात लागताच, अंत झाला. सामग्रीचे अर्थिंग सदोष होते. एक हात अर्थाशी जोडलेल्या तारांवर आणि दुसरा हात वीज उतरलेल्या धातूवर, अशा स्थितीत मधली वाट वादकाच्या छातीतून जाते. आमच्या उत्सवांतून ओल्या अंगणात, अनवाणी, कोठल्यातरी तात्पुरत्या बोर्डावरून वीज घेऊन वाद्ये वाजविली जातात, तेव्हा ही गोष्ट आठवून आमच्या अंगावर शहारा येतो. झिणझिण्या येणे ही वाद्याची खोड नव्हे. ती पूर्वसूचना होय.

गाणगापूरच्या अंगणात हे ज्ञान आम्हांपाशी नव्हते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तरुण म्हणत होता ते वरवर तर्कशुद्ध वाटत होते. तारांतून झटका येतो, तारांस ही वायर जोडली आहे, म्हणून ही वायर तोडावी. आण्णा तोडू नको म्हणत होते. पण का, ते त्यांस सांगता येत नव्हते. "बसवणाऱ्यानं ती काय उगाच बसवली आसंल?" एवढेच ते पुनःपुन्हा म्हणत. तरुणाच्या मनात याहून पुढचाही एक बेत होता. पत्र्यास तिसरे भोक पाडून आणखी एक पिकअप जोडावयाचा आणि खर्जाच्या तारांस निराळे बटण द्यावयाचे. तो बेत त्याने वहीत आकृती काढून आम्हांस दाखविला. आकृती सुबक होती. आण्णांनी ती पाहिली नाही.

त्या दिवशी यात्रेकरूंत एक सेवानिवृत्त वायरमन होते, कलबुर्गीकडचे, कन्नड बोलणारे. वादाचा आवाज ऐकून ते आले. त्यांनी वाद्याकडे पाहिलेच नाही. खिशातून टेस्टर काढून त्यांनी अँप्लिफायरच्या लोखंडी अंगास टेकविला, तो टेस्टरचा दिवा तांबडा पेटला. मग ज्या लाकडी बोर्डावरून वीज घेतली होती तो त्यांनी उलटा करून उघडला. तीन भोकांच्या खोबणीत तिसऱ्या, मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. "मूरने तूतु सुम्ने," असे म्हणून ते हसले आणि मग आमच्यासाठी मराठीत म्हणाले, "तिसरं भोक नुसतं शोभेला आहे, साहेब." अँप्लिफायरमध्ये झिरपणाऱ्या विजेस जमिनीत उतरण्याची वाट बोर्डातच तुटलेली होती, म्हणून ती शिल्डच्या वायरीने उलट मागे, बेंजोच्या तारांत, आणि तेथून वादकाच्या बोटांत उतरत होती. पत्र्याखालची वायर तोडली असती तर झिणझिण्या थांबल्या असत्या, घूं दुणावला असता, आणि लोखंडी पेटीत वीज तशीच दबा धरून राहिली असती. पुढे कोणाचा ओला हात तिच्यावर पडेपर्यंत.

दोघेही काही वेळ बोलले नाहीत. मग तरुणाने वायर होती तशी आपल्या जागी दाबून बसविली, सैल झालेल्या एका सांध्यास डाख दिला आणि पत्रा परत लावला. धर्मशाळेच्या बोर्डावर वाद्य जोडावयाचे नाही असे ठरले. त्यांच्या जीपगाडीची बारा व्होल्टची बॅटरी काढून आणली गेली. अँप्लिफायर तीवरही चालणारा होता. पालखी झाल्यावर रात्री ओसरीवर भजन उभे राहिले. बॅटरीच्या विजेत घूं नसतो. पहिल्या चार स्वरांतच आण्णांनी मान वळवून बेंजोकडे पाहिले आणि हाताने खूण केली, आवाज कमी कर. तरुणाने बटण अर्ध्यावर आणले. आणखी एक खूण झाली. बटण आणखी खाली आले. आता बेंजो पखवाजाच्या थापेखालून ऐकू येत होता आणि आण्णांचा गळा सर्वांच्या वर होता. दुसऱ्या पिकअपचा विषय त्या रात्री निघाला नाही. पहाटे निघताना मात्र तरुणाने वही आमच्याकडून मागून घेतली, आणि आण्णांनी ती त्याच्या हातून घेऊन, चष्मा लावून, दोन मिनिटे पाहिली.

पत्र्याच्या चार स्क्रूंपैकी एक अंगणातील मातीत हरवला होता, तो काही सापडला नाही. पखवाजाच्या धुमास लावण्यासाठी भिजविलेल्या कणकेतील चिमूटभर घेऊन त्या मोकळ्या भोकात दाबली होती. बेंजो शालीत गुंडाळून जीपगाडीत ठेवला गेला तेव्हा ती अजून ओलीच होती.